गाडी आली, पण पुढं कशानं?

दोस्तांनो, आपल्या भागातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘कळंब रोड’ नावाचं एक स्टेशन आहे. नाव वाचून एखादा नवखा माणूस तिथं उतरला, तर त्याची फजिती ठरलेली. कारण तिथं कळंब नाही. तिथं आहे ती कळंबकडं जाणारी वाट. लातूरच्या दिशेनं पुढं गेलात की ‘औसा रोड’ लागतं. तिथंही औसा नाही. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावाला ‘रोड’ हे शेपूट लागलं की समजून घ्यायचं, गाव इथून लांब आहे. आम्ही तुम्हाला इथवर आणलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा!

ही सवय आजची नाही. आजच्या कुर्डुवाडी जंक्शनचं एकेकाळचं नाव होतं ‘बार्शी रोड’. मुख्य रेल्वेमार्ग बार्शीला तीसेक किलोमीटर बाजूला ठेवून गेला होता. म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये तिथून बार्शीपर्यंत छोट्या रुळांची गाडी सुरू केली. तीच आपल्या आजोबा-पणजोबांची ‘बार्शी लाइट’. १९११ मध्ये ही गाडी लातूरला पोचली. पण जिल्ह्याचं ठिकाण असलेलं धाराशिव तिनं टाळलंच. ती येडशीवरून निघून गेली. पुढं ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून धाराशिवला आणला गेला आणि २००७-०८ मध्ये आपल्या शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. जवळपास शंभर वर्षांनी!

रेल्वे आली, स्टेशन झालं. पण ते झालं गावाबाहेर. एसटी स्टँड एकीकडं, स्टेशन दुसरीकडं. मुंबईची गाडी रात्री उशिरा जाते आणि येताना पहाटे येते. पहाटे गाडीतून उतरलेल्या माणसाला परंड्याला, कळंबला किंवा लोहाऱ्याला जायचं असेल तर आधी रिक्षा शोधायची, ती म्हणेल ते भाडं द्यायचं, स्टँडवर यायचं आणि पहिली गाडी कधी सुटते याची वाट बघत बाकड्यावर बसायचं. स्टेशनच्या पाटीवर ‘रोड’ लिहिलेलं नाही, एवढाच काय तो फरक. अनुभव तोच.

आज या जागेवरून बोलायचंय ते याच ‘पुढचं तुमचं तुम्ही बघा’ बद्दल.

वाट बघण्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, भूम तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी धाराशिवच्या कॉलेजात शिकते. वाडीवरून भूम, भूमहून धाराशिव आणि स्टँडवरून कॉलेज. जाताना दोनदा गाडी बदलायची, येतानाही दोनदा. आता प्रत्येक ठिकाणी तासाला एक गाडी आहे असं धरू (हे खरं तर फारच उदार गृहीतक झालं). पण एका गाडीच्या वेळेचा दुसरीच्या वेळेशी काही संबंध नसेल, तर कधी पाच मिनिटांत गाडी मिळेल, कधी पंचावन्न मिनिटं थांबावं लागेल. सरासरी अर्धा तास. दिवसाचे चार थांबे, म्हणजे दोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास. पन्नास तास नुसतं उभं राहून वाट बघायची! एवढ्या वेळात एखाद्या विषयाचं आख्खं पुस्तक वाचून होईल.

आणि हे फक्त वेळेचं झालं. संध्याकाळी प्रॅक्टिकल लांबलं, शेवटची गाडी हुकली, तर काय? मुलगा असेल तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर तिसरा म्हणून बसेल. मुलगी असेल तर घरून फोन सुरू होतात. असं दोन-तीनदा झालं की घरात कुणीतरी म्हणतंच, “बारावी झाली, बास झालं आता.” त्या घरातल्या माणसांना शिक्षणाचा राग नसतो. त्यांना शेवटच्या गाडीची खात्री नसते. पण नुकसान व्हायचं ते होतंच.

सरकारनं या बाबतीत काही केलं नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात मोठी सवलत आहे आणि आता तर तो शाळा-कॉलेजात आणून देण्याची मोहीमही झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण तिकिटात सवलत मिळाली, तशी वाट बघण्यात कुणी सवलत देत नाही. पास खिशात आहे आणि गाडी नाही, किंवा गाडी आहे आणि पुढची गाडी नुकतीच सुटलीय, अशा वेळी त्या पासाचं काय करायचं?

भरतीची तयारी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मैदानी चाचणी सकाळी सहाला असेल तर आदल्या रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन कुठंतरी पथारी टाकावी लागते. कारण सहाला पोचवणारी गाडीच नसते. रात्रभर स्टँडवर डास मारत बसायचं आणि सकाळी सोळाशे मीटर धावायचं. यात ज्याचा नंबर हुकतो, त्याच्या मार्कांच्या यादीत ‘गाडी नव्हती’ असा रकाना नसतो.

पुण्यानं काय शिकवलं?

तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्यात आहेत, किंवा उद्या जाणार आहेत. तिथं आपल्याला वाटतं, काय बाबा शहर आहे, बस आहे, मेट्रो आहे! पण नीट बघितलं तर पुण्याची गोष्टही ‘पुढचं तुमचं तुम्ही बघा’ पासूनच सुरू होते. पुण्याची बस वेगळी, पिंपरी-चिंचवडची बस वेगळी, असा कारभार तिथं कितीतरी वर्षं चालला. २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल झाली, तेव्हा कुठं दोन शहरांसाठी एक बससेवा झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, केंद्रानं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आणलं. मोठ्या शहरांत बस, लोकल, मेट्रो, रिक्षा यांचा विचार एकत्र करणारं एकच प्राधिकरण असावं, असं त्यात सांगितलेलं आहे. सांगायला सोपं, करायला अवघड. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली. त्याच मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हलवलं होतं. २०२३ मध्ये शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, पण स्टँड काही परत आलं नाही. म्हणजे शिवाजीनगरला मेट्रो होती तेव्हा एसटी नव्हती, आणि एसटी होती तेव्हा मेट्रो नव्हती! बाहेरगावहून पिशव्या घेऊन आलेला माणूस वाकडेवाडीला उतरून पुन्हा रिक्षाच्या मागं. हजारो कोटींची मेट्रो आणि गावाकडची एसटी यांच्यामध्ये ‘रोड’ तसाच राहिला.

यातून आपण काय घ्यायचं? पैसा आला, रूळ आले, चकाचक डबे आले, म्हणून प्रवास सोपा होतोच असं नाही. दोन गाड्यांच्या मधली जागा कुणाच्या तरी जबाबदारीची असावी लागते. नसेल, तर तिथं माणूस अडकतो.

घड्याळ आधी, रूळ नंतर

ही मधली जागा सगळ्यात आधी कुणी मनावर घेतली? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं. १९६५ मध्ये तिथल्या बस, रेल्वे, भुयारी रेल्वे अशा सेवा चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांनी एकत्र येऊन एक संघ केला. प्रत्येकाची गाडी प्रत्येकाकडंच राहिली, कुणी कुणाला गिळलं नाही. पण वेळापत्रक एक झालं, तिकीट एक झालं आणि तिकिटाचा पैसा एका ठिकाणी गोळा करून नंतर वाटून घ्यायचं ठरलं. प्रवाशाला कुणाची गाडी आहे याच्याशी देणंघेणं उरलं नाही. पुढं जर्मनीतल्या कितीतरी भागांनी हाच नमुना उचलला.

पण आपल्यासाठी जास्त कामाचं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे. बर्फाचे डोंगर आणि सिनेमातली गाणी विसरा. तिथं डोंगरात विखुरलेली छोटी-छोटी गावं आहेत, प्रत्येक गावात थोडी-थोडी माणसं. म्हणजे वाहतुकीच्या दृष्टीनं अडचण आपल्यासारखीच. १९८२ मध्ये त्या देशानं आख्ख्या रेल्वेचं वेळापत्रक एका तालावर बांधलं. गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला. म्हणजे आठ पाचला असेल तर नऊ पाचला, दहा पाचलाही असणार. वेळापत्रक पाठ करायची गरजच नाही. पुढं मोठ्या जंक्शनांवर असं बसवलं की सगळीकडच्या गाड्या ठरावीक मिनिटाला येऊन मिळतात आणि काही मिनिटांनी आपापल्या वाटेनं सुटतात. स्टेशनबाहेर पिवळी बस उभी असते. रेल्वेतून उतरलेली माणसं घेतली की ती डोंगरातल्या गावाकडं निघते.

यातली खरी गंमत पुढं आहे. नंतर त्यांनी रेल्वे सुधारायला मोठा खर्च काढला. तेव्हा त्यांनी आधी वेळापत्रक काढलं आणि मग त्या वेळापत्रकाला जिथं रूळ कमी पडत होते तिथंच बांधकाम केलं. गाडी जमेल तेवढी जोरात पळवायची हा हट्ट नव्हता. पुढची गाडी गाठता येईल इतकी जोरात पळाली की झालं.

आपल्याकडं नेमकं उलटं होतं. आधी भूमिपूजन, मग रूळ, मग स्टेशन, मग उद्घाटन. आणि वेळापत्रक? ते नंतर बघू!

आपल्याला हे येत नाही असं नाही

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशात ठीक आहे, आपल्याकडं कुठलं जमतंय. दोस्तांनो, आपल्याकडं हे जुनंच आहे. मुक्कामी गाडी आठवा. रात्री शेवटची फेरी घेऊन एसटी गावात यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, कुणीतरी त्यांना भाकरी आणून द्यायचं आणि सकाळी तीच गाडी शाळेची पोरं, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं आणि बाजाराच्या पाट्या घेऊन तालुक्याला निघायची. ही मुक्कामी गाडी म्हणजे दुसरं काय होतं? गावाच्या सकाळच्या वेळेला बांधलेलं वेळापत्रक! डेपोची सोय बघून गाडी सोडायची म्हटलं असतं, तर ती रात्री डेपोतच गेली असती. गावाची सोय बघितली म्हणून ती गावात राहिली. मुक्कामी गाडी कुठल्याही परदेशी तज्ज्ञानं सांगितलेली नव्हती.

दुसरं उदाहरण आपल्या आईच्या दारातलं. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापुरात लाखोंनी माणूस येतो. सोलापूरहून लोक पायी चालत येतात. त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या वाहनांचे मार्ग बदलतात, एसटीच्या जादा गाड्या लागतात, पोलीस, महसूल, नगरपरिषद, मंदिर संस्थान, आरोग्य खातं, एसटी असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. कुठली गाडी कुठं थांबणार, माणसं कुठून चालणार, परतीची सोय काय, हे सगळं आधी ठरतं. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेतही तेच. गर्दी होते, गोंधळही होतो, पण एवढी माणसं येतात आणि घरी पोचतात.

मग प्रश्न सरळ आहे. जे यात्रेच्या दहा दिवसांत जमतं, ते उरलेल्या दिवसांत का जमत नाही? देवीच्या दर्शनाला येणाऱ्यासाठी जे टेबल मांडता येतं, ते रोज कॉलेजला जाणाऱ्या पोरीसाठी का मांडता येत नाही?

आत्ताच का?

कारण सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग होतोय. २०१९ च्या जानेवारीत त्याच्या मंजुरीची घोषणा झाली, निम्मा खर्च राज्यानं उचलायचा ठरला आणि काम मार्गी लागलं. हा मार्ग झाला की तुळजापूर पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर येईल आणि धाराशिव थेट सोलापूरला जोडलं जाईल. जिल्ह्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे, ते सांगायला नको.

पण गाडी धावायच्या आधी काही प्रश्न विचारले पाहिजेत. तुळजापूरच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर बस कुठं उभी राहणार? त्या जागेवर एसटीचा फलाट काढलाय का, की नुसतं गाड्यांचं पार्किंग? नळदुर्ग, उमरगा, लोहाऱ्याकडून येणारा माणूस रेल्वेच्या वेळेला पोचेल अशी गाडी असणार आहे का? की पुन्हा एक देखणं स्टेशन बांधायचं, फीत कापायची आणि बाहेर पडणाऱ्याला सांगायचं, पुढचं तुमचं तुम्ही बघा? स्टेशन बांधून झाल्यावर त्याला स्टँड चिकटवणं किती अवघड असतं, हे धाराशिवकरांनी भोगलेलं आहे. कागदावर असताना रेघ हलवता येते. सिमेंट झाल्यावर हलत नाही.

कुणाला विचारायचं?

मोठ्या शहरांसाठी प्राधिकरणं आहेत, आपल्या जिल्ह्याला कोण, असं वाटेल. तर हेही वाचून ठेवा. ज्या ७४व्या घटनादुरुस्तीनं महानगरांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली, तिनंच प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. आपल्याकडं पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. दुसरीकडं, वाहनांचे परवाने आणि मार्ग बघणारं जे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण असतं, त्याचेही अध्यक्ष जिल्हाधिकारीच. एसटीचं विभागीय कार्यालय धाराशिवातच आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा इथं आगारं आहेत. म्हणजे नवीन ऑफिस, नवीन खुर्ची, नवीन गाडी काहीच लागत नाही. आहेत तीच माणसं तीन महिन्यांतून एकदा, रेल्वेच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन, वेळापत्रक समोर ठेवून बसली तरी निम्मं काम होईल.

त्या टेबलावर काय ठेवायचं? आमच्या मते या पाच गोष्टी.

एक, तालावरचं वेळापत्रक. प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर खेड्यांकडून येणाऱ्या गाड्या तास भरायच्या दहा मिनिटं आधी याव्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी गाडी तासाच्या ठोक्याला सुटावी. जिथं तासाला जमत नाही तिथं दोन तासांनी, पण ठरलेल्या मिनिटाला.

दोन, प्रत्येक रेल्वेगाडीला एक जोडगाडी. स्टेशन ते स्टँड आणि स्टँड ते स्टेशन. पहाटेच्या आणि रात्रीच्या गाडीला तर नक्कीच.

तीन, शेवटच्या गाडीची हमी. कॉलेजच्या गावाहून तालुक्याला जाणारी संध्याकाळची शेवटची गाडी रद्द होणार नाही, आणि तालुक्यातली गावाकडची शेवटची गाडी तिची वाट बघेल. ही एक गोष्ट झाली तरी कितीतरी मुलींचं शिक्षण सुटायचं वाचेल.

चार, पासाचा विचार. आज पास म्हणजे एका ठरलेल्या मार्गाचा कागद. विद्यार्थ्याला घरापासून कॉलेजपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांसाठी, स्टेशनची जोडगाडी धरून, एकच पास मिळायला हवा.

पाच, पाटी. हसू नका! प्रत्येक गावाच्या थांब्यावर गाड्यांच्या वेळा आणि आगाराचा फोन नंबर रंगवलेला असावा. आज गाडी कधी येणार हे विचारायचं असेल तर पानटपरीवाल्याला विचारावं लागतं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं हे खरं, पण जिल्ह्याची वाहतूक पानटपरीवर चालू नये.

यावर लोक काय म्हणतील?

पहिलं म्हणतील, एसटीच तोट्यात आहे, गाड्या जुन्या आहेत, ड्रायव्हर कमी आहेत. खरं आहे. ताळमेळ घातला म्हणून नसलेली गाडी उगवणार नाही. गाड्यांची मागणी करावीच लागेल. पण ज्या गाड्या आज धावतात, त्यांच्या वेळा जुळवायला डिझेल जास्त लागत नाही. उलट दोन गाड्या एकामागोमाग रिकाम्या धावतात आणि मग दीड तास काहीच नाही, हे आपण रोज बघतो. वेळा जुळल्या तर तीच गाडी भरेल.

दुसरं म्हणतील, रेल्वे लेट झाली तर बसनं किती थांबायचं? बसमधल्या बाकीच्यांनी काय पाप केलं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नियम लागतो. दिवसभरात दहा मिनिटं थांबायचं, त्यापुढं नाही, कारण मागून दुसरी गाडी आहे. शेवटच्या गाडीनं मात्र जास्त थांबायचं, कारण मागून दुसरी नाही. नियम काय करायचा यावर वाद घालता येईल. पण आज नियमच नाही, सगळं कंडक्टरच्या भलेपणावर चाललंय.

तिसरा मुद्दा जीप, टमटम, काळीपिवळीवाल्यांचा. ते म्हणतील, आमच्या पोटावर पाय येतो. एसटीवाले म्हणतील, टप्पा वाहतूक आमची, हे बेकायदा घेऊन जातात. दोघांच्या भांडणात एक गोष्ट विसरली जाते. जिथं एसटी जात नाही तिथं आज हीच जीप जाते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, दाटीवाटीनं कोंबून नेते, हेही खरं. मग त्यांना कायमचं चोर-पोलीस खेळायला लावण्यापेक्षा, ज्या वाड्या-वस्त्यांवर एसटी परवडत नाही तिथल्या फेऱ्या रीतसर परवाना, ठरलेलं भाडं आणि ठरलेली वेळ देऊन त्यांच्याकडं का देऊ नयेत? ती जीप तालुक्याच्या स्टँडवर एसटीच्या वेळेला येऊन मिळेल. एसटीला प्रवासी मिळेल, जीपवाल्याला हक्काचा धंदा आणि म्हातारीला बसायला जागा.

तुमचं काम

आता शेवटचं, आणि ते तुमच्यासाठी. आपल्याकडं मागणी करायची म्हणजे निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा. निवेदनात लिहिलेलं असतं, ‘प्रवाशांचे अतोनात हाल होत आहेत’. साहेब ते वाचतात, शिक्का मारतात आणि फायलीत ठेवतात. ‘अतोनात’ हा शब्द कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. आकडा बसतो.

म्हणून एक काम करा. एक वही घ्या. दोन आठवडे तुमच्या थांब्यावर आलेल्या प्रत्येक गाडीची वेळ लिहा. ठरलेली किती, आली किती वाजता. तुम्ही गाडी कुठं बदललीत, किती मिनिटं थांबलात, किती जण खाली राहिले, शेवटची गाडी किती दिवस आलीच नाही. एकट्यानं नाही जमलं तर कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांना घ्या. वाशीची वही, लोहाऱ्याची वही, परंड्याची वही असं करत आठही तालुक्यांतून वह्या जमल्या, तर जिल्ह्याच्या वाहतुकीचा असा नकाशा तयार होईल की तो कुठल्याही साहेबांच्या कपाटात नसेल. तो घेऊन ग्रामसभेत ठराव करा. एसटीच्या अधिकाऱ्यांपुढं ठेवा. प्रवाशांच्या तक्रारी आगारात जाऊन ऐकण्यासाठी एसटीनं २०२४ मध्ये ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केलाय. राजा म्हटलंय, तर एकदा राजासारखं जाऊन बोला की! आणि जिल्हा नियोजन समितीतल्या तुमच्या भागाच्या सदस्याला विचारा, “आमच्या स्टँडची आणि स्टेशनची वेळ कधी जुळणार?”

यात कुणावर उपकार नाहीत आणि कुणाची निंदा नाही. आगारातला वाहतूक नियंत्रकसुद्धा आपल्याच गावचा असतो. त्याच्याकडं गाड्या कमी आणि शिव्या जास्त असतात. त्याच्या हातात तुमची वही पडली तर त्याचंही काम सोपं होईल.

महानगरांच्या वाहतुकीवर मोठमोठे अहवाल निघतात, कारण तिथं गर्दी आहे. आपल्या जिल्ह्यात तशी गर्दी नाही. पण लांबचं गाव, तुरळक गाड्या आणि शिकायला निघालेली पोरं आहेत. आणि जिथं गाड्या कमी, तिथं एक गाडी हुकण्याची किंमत जास्त. पुण्यात बस चुकली तर दहा मिनिटांनी दुसरी येते. वाडीवर बस चुकली तर दिवस जातो. परीक्षेचा असेल तर वर्ष जातं. म्हणून वेळा जुळवायची गरज पुण्यापेक्षा आपल्याला जास्त आहे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गावर पहिली गाडी धावेल तेव्हा हार-फुलं असतील, हलगी वाजेल, आपणही नाचू. पण त्या गाडीतून उतरणाऱ्या पहिल्या पोरीला बाहेर तिच्या गावाकडची बस उभी दिसली पाहिजे. तेवढं जमलं तर नव्या मार्गावरच्या एकाही स्टेशनाला, पाटीवर नाही आणि अनुभवातही नाही, ‘रोड’ हे शेपूट लागणार नाही.